दयेचा जमाखर्च

रेवदंड्याच्या कोटात शिरले की आधी दिसतात त्या वाड्या. नारळ, सुपारी, मधूनच एखादी विहीर, आणि वाडीच्या कुंपणालाच लागून एखादी पुरुषभर जाडीची भिंत. ही भिंत चर्चची, ती मठाची, पलीकडची इस्पितळाची असे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पर्यटक येतात ते बहुतेक सातखणी मनोऱ्यापाशी थांबतात, फोटो काढतात आणि किनाऱ्याकडे वळतात. हा मनोरा फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचा. तो उंच असल्यामुळे लक्षात राहतो. त्याच कोटात एक बुटकी, आता जवळजवळ विसरली गेलेली इमारत होती. तिचे नाव मिझेरिकॉर्डिया, मराठीत सांगायचे तर दयाघर.

आज ज्याला आपण रेवदंडा म्हणतो तेच पोर्तुगिजांचे चौल. वरचे चौल, म्हणजे रामेश्वर आणि हिंगळाजदेवीचे चौल, हे त्याहून कितीतरी जुने बंदर. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१ साली पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखाशी कोट बांधायला घेतला आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे तिथे त्यांचे शहर नांदले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा चारही संघांचे मठ तिथे होते. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे इतिहासकार जे. गर्सन दा कुन्या यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या अवशेषांवर पुस्तक लिहिले, तेव्हाच यातले बरेचसे झाडाझुडपांत गेले होते. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येही कोटातल्या पडक्या वास्तूंमध्ये मुख्य चर्च आणि इस्पितळ यांच्याबरोबर दयाघराची नोंद आहे.

या दयाघराची गोष्ट जराशी सविस्तर सांगायला हवी, कारण चर्चची सेवाकार्ये चालतात कशी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. उरलेले अर्धे खाडीपलीकडे आणि वसईत आहे.

मिझेरिकॉर्डियाची सुरुवात लिस्बनमध्ये १४९८ साली झाली. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तेच वर्ष. राणी लिओनोर हिच्या आश्रयाने काही गृहस्थांनी एक बंधुसंघ काढला आणि चौदा दयाकृत्ये हा आपला कार्यक्रम ठरवला. त्यांतली सात शरीराची: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका आणि मेलेल्याला मूठमाती. उरलेली सात मनाची: अडाण्याला शिकवणे, दुःखिताचे सांत्वन, अपराध्याला क्षमा वगैरे. पहिल्या सातांपैकी सहा मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातून येतात. मृताला पुरण्याचे सातवे कृत्य तोबीतच्या जुन्या कथेवरून जोडले गेले. हिंदुस्थानात आलेला पोर्तुगीज शिपाई बहुधा अविवाहित, घरापासून हजारो कोस दूर आणि तापाने किंवा तलवारीने केव्हाही मरणारा. त्यामुळे या सातव्या कृत्याला इथे भलतेच महत्त्व आले.

संघाचे नियम १५१६ साली लिस्बनमध्ये छापून निघाले आणि ते गोवा, कोची, वसई, चौल, मलाक्का, मकाव असे सगळीकडे पोहोचले. तेरा जणांची कार्यकारिणी. तिचा प्रमुख तो प्रोवेदोर. निवडणूक दरवर्षी २ जुलैला, कारण त्या काळी तो मरियेने एलिझाबेथची भेट घेतल्याचा सण असे. सभासद निम्मे सरदार घराण्यांतले आणि निम्मे कारागीर. महिन्यामहिन्याने कामे बदलत: या महिन्यात तुरुंगाची फेरी कोणाकडे, पैशाचा हिशोब कोणाकडे. विशेष म्हणजे हा सगळा कारभार पाद्र्यांच्या हाती नव्हता. गृहस्थांनी चालवायचा, राजाने पाठीशी राहायचे आणि चर्चने प्रार्थना व प्रेरणा पुरवायची अशी ही विभागणी होती. चर्चची सेवाकार्ये म्हटली की आपल्यासमोर झग्यातले फादर किंवा पांढऱ्या साडीतल्या सिस्टर उभ्या राहतात. वहीवाला गृहस्थ मात्र त्या चित्रात नसतो. चारशे वर्षांपूर्वी हे काम प्रामुख्याने त्याचेच होते आणि आजही बऱ्याच अंशी त्याचेच आहे.

लिस्बनच्या संघाकडे एक विलक्षण काम होते. फाशी दिलेल्यांची प्रेते वधस्तंभावरच लोंबत ठेवायची तेव्हाची रीत. वर्षातून एकदा, सर्व संतांच्या सणाला, संघाचे लोक मिरवणुकीने तिथे जात, उरलेली हाडे गोळा करत आणि पवित्र भूमीत पुरत. या मिरवणुकीत सरदारही असे आणि चांभारही.

पैसा कुठून येई? थोडा राजाकडून, थोडा व्याजातून, पण फार मोठा भाग मृत्युपत्रांतून. मरणाच्या दारात असलेला व्यापारी आपल्या नावे प्रार्थना व्हाव्यात म्हणून घर, वाडी, रोकड संघाला देई. पूर्वेकडे मरण पावलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता त्यांच्या मायदेशातल्या वारसांना पोहोचवण्याचे कामही गोव्याचा संघ करी, म्हणजे तो एका अर्थी पेढीच होता. आजाऱ्यांची सोय गोव्यात इतकी नावाजलेली होती की १६०८ च्या सुमारास तिथल्या राजेशाही इस्पितळात रुग्ण म्हणून पडलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच खलाशाने तिथली स्वच्छता, बिछाने आणि जेवणाची भांडी यांचे तोंडभरून वर्णन लिहून ठेवले आहे. अनाथ मुलींसाठी आणि एकट्या पडलेल्या बायकांसाठी वेगवेगळी आश्रयगृहे होती. मुलींना हुंडा देऊन त्यांची लग्नेही लावून दिली जात.

हे सगळे ऐकायला छान वाटते, पण ही दया होती कोणासाठी? आधी आपल्यांसाठी. पोर्तुगीज शिपाई, त्यांच्या विधवा, त्यांच्या मुली, मग इतर ख्रिस्ती, असा तो उतरता क्रम होता. चौलचे वैभव ज्या घोड्यांच्या, कापडाच्या आणि रेशमाच्या व्यापारावर उभे होते, त्याच शहरात गुलामही राबत होते, आणि दयाघराने गुलामगिरीवर बोट ठेवले नाही. त्याहून जड गोष्ट १५५९ च्या फर्मानाची. आईबाप आणि आजीआजोबा नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्थांत वाढवावे, असा हुकूम पोर्तुगालहून आला. अनाथाला आसरा हे दयेचे काम, पण काका-मामा जिवंत असताना त्यांच्या हातून मूल काढून नेणे म्हणजे सत्तेने दयेचे नाव वापरणे. उत्तर कोकणात पोर्तुगिजांविरुद्ध जो असंतोष साठत गेला, त्यात धर्माच्या बाबतीतल्या अशा जुलमाचा वाटा मोठा आहे. मदत करणाऱ्या चर्चकडे आजही कोणी संशयाने पाहिले, तर त्याची एक मुळी इथपर्यंत जाते हे नाकारून चालणार नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांनी तहाने मराठ्यांच्या हवाली केले. गलबते गोव्याकडे गेली. सरदार गेले, व्यापारी गेले, मठ ओस पडले, आणि दयाघराला देणारेही उरले नाहीत अन् घेणारेही. राजाच्या आणि तटबंदीच्या आधाराने उभी असलेली सेवा तटबंदीबरोबरच संपली.

पण सगळेच गेले नाहीत. जायला गलबत आणि गोव्यात आधार ज्यांना होता ते गेले. उरले ते गरीब ख्रिस्ती, ज्यांचे वाडवडील कोटात नोकर, शिपाई, मजूर म्हणून राबले होते. कुंडलिका नदीच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची वस्ती राहिली. पोर्तुगीज भाषेच्या मोडतोडीतून घडलेली त्यांची बोली आजही सुमारे हजारभर माणसांच्या तोंडी आहे. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणजे आपली भाषा म्हणतात, आणि क्लान्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. भाषेचे कौतुक पुष्कळ झाले. ती टिकली कशी, याच्या उत्तरात मात्र गावातले माउंट कार्मेल मातेचे चर्च वारंवार येते. राज्य बदलल्यावरही गोव्याकडून पाद्री येत राहिले, बाप्तिस्मा-लग्न-दफन चालू राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत आली तोवर हा धागा तुटला नव्हता.

मोठ्या संस्था आणि लहान चर्च यांतला फरक कोर्लईकडे पाहिले की लगेच समजतो. चौलच्या दयाघराकडे इमारत होती, ठेवी होत्या, राजाची सनद होती. खाडीपलीकडच्या गावाकडे यातले काही नव्हते. होती ती फक्त दर रविवारी एका छपराखाली जमण्याची सवय. कोण आला नाही, का आला नाही, कोणाकडे आजारपण आहे, कोणाची होडी लागली नाही, हे अशा जमण्यातून आपोआप कळते. सेवाकार्याचे पहिले भांडवल ही माहितीच असते. पैसा मागाहून येतो.

ही माहिती पद्धतशीर गोळा करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये निघाली. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्रांना घेऊन संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने संघ काढला. कॉलऱ्याने आणि बेकारीने पोळलेल्या वस्त्यांत स्वतः जायचे, दारात उभे राहून नाही तर घरात बसून बोलायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. तो संघ त्याच शतकात हिंदुस्थानात आला आणि आज मुंबई, पुणे, वसई, गोवा इथल्या असंख्य धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) त्याची शाखा आहे. शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी प्रत्यक्षात चर्चच्या आवारातल्या एका खोलीत आठ-दहा माणसे बसलेली असतात, त्यांत निवृत्त कारकून, शिक्षिका, रिक्षावाले, गृहिणी असे सगळे.

बैठकीची सुरुवात प्रार्थनेने. मग गेल्या आठवड्यात कोणाकोणाच्या घरी गेलो त्याचा वृत्तान्त. भेटीला नेहमी दोघांनी जायचे, एकट्याने नाही. यामागे व्यवहारी शहाणपण आहे: एकट्याची दयामाया वाहवत जाऊ शकते किंवा एकट्याचा पूर्वग्रह आड येऊ शकतो, आणि उद्या कोणी आरोप केला तर साक्षीला दुसरा असतो. त्या विधवेला महिन्याचे धान्य चालू ठेवायचे का, मुलगा कामाला लागला म्हणतात ते खरे का, डायलिसिसच्या रुग्णाला रिक्षाभाडे द्यायचे की औषध, यावर चर्चा होते, कधी वादही. कुटुंबाचा धर्म विचारून मदत द्यायची नाही, हा नियम. शेवटी एक कापडी थैली फिरते. प्रत्येकाने मूठ बंद ठेवून हात आत घालायचा आणि बाहेर काढायचा. कोणी काय टाकले, टाकले की नाही, कोणालाच दिसत नाही. ज्या सभासदाची स्वतःचीच ओढाताण आहे, त्याला लाजावे लागू नये म्हणून ही गुप्त थैली. एकोणिसाव्या शतकातली ही पद्धत अजून तशीच चालू आहे. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लावणाऱ्या आपल्या समाजात ती जरा वेगळीच वाटते.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत थैलीऐवजी लिलाव असतो, आणि तो मुळीच गुप्त नसतो. नगर, जालना, सोलापूरकडे पिके हाती आली की उपकारस्तुतीची उपासना होते. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, उसाची मोळी, अंड्यांची टोपली, लोणच्याची बरणी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की आवारात बोली सुरू. शंभर रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो तिथल्या तिथे परत दान करतो आणि भोपळा दुसऱ्यांदा लिलावाला चढतो. हसणे-खिदळणे, एकमेकांना चढवणे, आणि त्यातून मंडळीच्या कामासाठी वर्षभराची बेगमी. कष्टकरी मंडळीकडे रोकड कमी, माल जास्त. मालाची रोकड करण्याचा यापेक्षा खुशीचा मार्ग सापडणे कठीण.

ज्यांच्याकडे भोपळाही नाही त्यांनी काय द्यावे? मिझोराममधल्या चर्चमधल्या बायकांनी १९१० च्या सुमारास यावर तोड काढली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ बाजूला टाकायची, ते तांदूळ चर्चने गोळा करून विकायचे. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या उत्पन्नाचा काही भाग आजही यातून येतो. मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही, कारण कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे ज्या मुष्टिफंडावर उभी केली, त्याची रीतही हीच होती. जात्यावर बसलेल्या बाईने दळणातली एक मूठ वेगळी काढायची आणि त्यावर दुसऱ्याचे लेकरू शिकायचे.

चौलच्या परिसरात चर्चच्या सेवाकार्याचा आणखी एक अध्याय घडला, आणि तो मोठा गमतीचा आहे. रेवदंडा, चौल, अलिबाग या पट्ट्यात बेने इस्राएल या ज्यू समाजाची, म्हणजे शनिवार तेल्यांची, जुनी वस्ती. मुंबईत १८१३ साली उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या स्कॉटिश जॉन विल्सन यांनी या समाजाच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. मिशनऱ्यांचा हेतू लपलेला नव्हता. ज्यू मुले शिकतील, जुना करार वाचतील आणि मग नव्या कराराकडे वळतील, असा त्यांचा हिशोब. विल्सन यांनी तर १८३२ साली खास त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मुले शिकली. मुलीही शिकल्या. हिब्रू वाचू लागली, मराठीतला जुना करार हातात आला, आणि झाले असे की आपल्या धर्माची त्यांची ओळख उलट पक्की झाली. धर्मांतरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग १८४२ सालचे, म्हणजे नेमके त्या शाळांच्या काळातले. देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याने त्यातून केलेला उपयोग वेगळाच, असे सेवाकार्यात नेहमी होते. इथे ते दोन्ही पक्षांना मानवले. मिशनऱ्यांनी शाळा बंद करून सूड उगवला नाही, आणि बेने इस्राएलांनी उपकार विसरले नाहीत.

दुष्काळाच्या काळात देणाऱ्याच्या हेतूचा हा प्रश्न जास्त अवघड झाला. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दख्खनेत माणसे किड्यामुंगीसारखी मेली. मिशनांनी अन्नछत्रे, अनाथालये काढली आणि पाठोपाठ बाप्तिस्मेही झाले. भुकेपायी धर्म बदलला असा टोमणा तेव्हापासून चालत आला आहे. केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी स्वतः आईवडील दुष्काळातच गमावले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांच्याकडे सुमारे दोन हजार मुली-बायका राहत होत्या. त्यांच्यावरही आरोप झाले. त्या दोन हजारजणींना दुसरे कोण घेणार होते, या प्रश्नाला आरोप करणाऱ्यांकडे फारसे उत्तर नव्हते. तरीही भुकेल्या माणसाची संमती ही पुरती मोकळी संमती नसते, हेही खरे.

दयाघराचा खरा वारस शोधायचा तर वसईत जावे लागते. वसईचे ख्रिस्ती शेतकरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सावकारांच्या पाशात पुरते अडकले होते. केळी, पानवेल, भाजीपाला पिकवायचा आणि जमिनी मात्र गहाण. इथे भुकेल्याला जेवू घालून भागणारे नव्हते. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९१८ साली बेसिन कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच पुढे बॅंक झाली आणि आजही चालू आहे. दान देऊन गरिबाला आठवडाभर जगवता येते, रास्त व्याजाने कर्ज दिले तर त्याची जमीन वाचते. धर्मगुरूने पतपेढी काढणे आज नवलाचे वाटत नाही, पण त्या काळी बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी कर्जखात्याची वही ठेवण्याला धाडस लागले असणार. गोव्यात मडगावला फादर आंतोनियो जुआंव द मिरांडा यांनी १८६७ मध्ये सुरू केलेले हॉस्पिसियो हे दुसरे उदाहरण. गोवामुक्तीनंतर ते सरकारी झाले, आणि दक्षिण गोव्याच्या रुग्णांसाठी ‘हॉस्पिसियो’ हा शब्द पिढ्यान्पिढ्या सरकारी इस्पितळालाच लागू होता.

आजच्या धर्मग्रामाचा जमाखर्च कसा चालतो? रायगड जिल्हा कॅथलिक चर्चच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे, फादरना एकट्याच्या मर्जीने पैसा वापरता येत नाही. चर्चने मालमत्ता बाळगायची ती कशासाठी, याचीही यादी संहितेत आहे: उपासना, धर्मसेवकांचा निर्वाह आणि प्रेषितकार्य व दयाकार्य, विशेषतः गरजूंसाठी. आणखी एक कलम व्यवहारात फार कामाचे. भाविकाने ज्या हेतूने पैसा दिला त्याच हेतूवर तो खर्च व्हावा. संत अँथनीच्या पेटीत गरिबांसाठी टाकलेल्या पैशातून घंटेची दुरुस्ती करायची नाही. घंटा कितीही फुटली असली तरी. शिवाय सरकारी बाजू आहेच: १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब. परदेशी मदत घ्यायची तर २०१० चा परदेशी देणगी कायदा आणि २०२० ची त्यातली दुरुस्ती, जिच्यानुसार ही रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बॅंकेच्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते आणि प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. गावपातळीवरच्या चर्चचा परदेशी पैशाशी क्वचितच संबंध येतो. तिथे भार असतो तो रविवारच्या दानावर आणि संताच्या सणाला पडणाऱ्या चार जास्तीच्या नोटांवर.

मुंबई महाधर्मप्रांताने १९८० च्या दशकात धर्मग्रामांचे छोटे छोटे समूह पाडायला सुरुवात केली. पंधरा-वीस किंवा थोडी जास्त घरे मिळून एक समूह, आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थना. धार्मिक हेतू आपल्या जागी, पण यातून जे झाले ते मिझेरिकॉर्डियाच्या महिन्यामहिन्याच्या फेऱ्यांसारखेच: कोणाच्या घरात काय चालले आहे ते कळणारी यंत्रणा तयार झाली. मदतीची गरज असलेला माणूस सहसा मागायला येत नाही. शेजारीण त्याचे नाव सुचवते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा या पट्ट्याची गरज किती लांब पल्ल्याची असते ते दिसले. चौल, रेवदंडा, नागावपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत वाड्या झोपल्या. कौले उडाली, ताडपत्र्या आणि शिधा यांची मदत चहूकडून आली, आणि महिना-दीड महिन्यात ओसरली. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, नारळालाही जवळपास तितकीच. वाडीची मोजणी गुंठ्यांत, तर भरपाई हेक्टरी. म्हणून झाडामागे भरपाई द्या ही मागणी झाली आणि सरकारला ती मान्य करावी लागली. अशा वेळी बाहेरून येणारी संस्था, मग ती चर्चची असो की आणखी कोणाची, पहिले पंधरा दिवस उपयोगी पडते. पुढची पाच वर्षे ज्याच्या घरची फी थकणार आहे, औषध बंद पडणार आहे, त्याच्यापर्यंत गावातलीच समिती पोहोचू शकते, मग ती देवळाची असो, जमातीची असो किंवा धर्मग्रामाची.

हल्ली अशा समित्यांचे बरेचसे काम धान्याचे राहिलेले नाही, कागदाचे झाले आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरायचा तर वयाचा दाखला, रहिवासी दाखला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, अपंगाला शासकीय इस्पितळाचे प्रमाणपत्र. आधारवरचे नाव आणि बॅंकेतले नाव जुळायला हवे, आणि बाप्तिस्म्याच्या नावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे असणे ही ख्रिस्ती घरांतली नित्याची डोकेदुखी. ती सोडवायला चर्चच्या जुन्या नोंदवह्या काढाव्या लागतात. शिवाय चौल-रेवदंडा अलिबाग तालुक्यात आणि खाडीवरच्या पुलापलीकडचे कोर्लई मुरूड तालुक्यात. समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांवरच्या दोन विधवांचे अर्ज दोन वेगळ्या तहसील कचेऱ्यांत जातात, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्याला साहेब नसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी धरावी लागते.